कुमार वाचक मंडळाचं बारावं नाव

२० एप्रिल १९९८, सोमवार

रुजू झाले! हे दोन शब्द लिहायला दीड वर्ष वाट पाहिली, म्हणून ते आधी लिहून मोकळी होते. मिरजगावहून पहाटेची एसटी, नगरला बदल, राहुरीला पुन्हा बदल आणि तिथून चिंचखेडीपर्यंत वडापच्या जीपमध्ये, मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊन. निघताना अण्णा म्हणाले की आपल्या घराण्यात मास्तर झाले, कंडक्टर झाले, ग्रंथपाल तूच पहिली. आई रडली आणि लगेच डब्यात किती चपात्या ठेवल्यात ते सांगू लागली.

वाचनालय छोटं आहे पण नीटनेटकं. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल, तिथे सकाळपासून म्हातारी मंडळी राजकारणावरून हमरीतुमरीवर येतात. मधल्या खोलीत पुस्तकांची चौदा कपाटं. आणि सगळ्यात आतल्या खोलीत आमचं वैभव, म्हणजे कॉम्प्युटर. साखर कारखान्याला जुना झाला म्हणून त्यांनी वाचनालयाला भेट दिला. त्याला पडद्याच्या कापडाचं झाकण शिवलंय, माथ्यावर दसऱ्याचं हळदकुंकू अजून आहे, आणि दाराशी पाटी आहे की चपला बाहेर काढाव्यात. देवळातसुद्धा लोक इतक्या भक्तिभावाने चपला काढत नसतील.

कार्यवाह आबासाहेब रिटायर्ड हेडमास्तर आहेत. विधुर, बारीक अंगाचे, आवाज अजून वर्गातलाच. शिपाई सहादेवमामा साठीचे. त्यांची एक गंमत कळली. ते बाकी सगळं झाडतात, पण आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आले की थांबतात आणि केरसुणी माझ्या हातात देतात. कॉम्प्युटरचा शॉक लागेल म्हणून घाबरत असावेत.

राहायच्या खोलीचं म्हणाल तर पहिल्या दोन घरांनी आडनाव विचारलं आणि दोन्हीकडे अचानक पाहुणे यायचे निघाले. आरोग्य केंद्रात आया असलेल्या गोजरबाईंनी मात्र जेवलीस का एवढंच विचारलं. तिथे राहिले.

२३ एप्रिल, गुरुवार

काम मजेचं आहे. सगळी पुस्तकं आणि सगळे सभासद कॉम्प्युटरवर चढवायचे, आणि पुढची सगळी देवघेव त्याच्यावरूनच करायची. सभासदाचा नंबर दाबा, पुस्तकाचा नंबर दाबा, पडद्यावर 'दिले' असं येतं. पुस्तक परत आलं की 'जमा'. सोबत तारीख आणि वेळ आपोआप उमटते. अक्षरं मराठीत दिसावीत म्हणून त्यात पुण्याहून आणलेलं एक कार्ड बसवलंय. टायपिंगला मी वर्गात पहिली होते, हे मी इथे आल्यापासून चार जणांना सांगून झालंय.

मे महिन्याच्या अखेरीस जिल्ह्याहून तपासणी आहे. वाचनालयाला वरचा वर्ग मिळायचा तर 'कुमार वाचक मंडळ' पाहिजे, आणि त्यात किमान बारा मुलं पाहिजेत. आबासाहेबांनी हे जरा चाचरत सांगितलं. सुट्टी लागली आहे, मुलं दिवसभर क्रिकेट खेळतात नाहीतर ज्यांच्याकडे केबल आहे त्यांच्या ओट्यावर पडीक असतात. बारा कुठून आणू?

एक मात्र आली. वृषाली, सायकल दुरुस्तीवाल्या रंगनाथची मुलगी, नववीची परीक्षा दिलेली. तिला मी कपाटापाशी उभ्या उभ्या वाचताना पकडलं. बस की, म्हटलं, तर म्हणाली की बसलं की घरी कामाला हाक येते, उभं राहिलं की निघायचंच होतं असं सांगता येतं. या पोरीवर माझा जीवच जडला. तिचं नाव पडद्यावर आलं तेव्हा तिने काचेला बोट लावून पाहिलं. छापलेलं आपलं नाव तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

२८ एप्रिल, मंगळवार

आज केलं ते आवडलं नाही, पण लिहून ठेवते.

आबासाहेबांनी एक जुनी वही दिली. कुमार विभाग, १९७४. अकरा नावं, पुढे प्रत्येकाचं वय, आणि प्रत्येक नावावर लाल शाईची सरळ रेघ. ते म्हणाले की ही मुलं आता गावात नाहीत, पण तपासणीसाठी नावं घालून टाका. वय काय टाकू विचारलं तर म्हणाले की वहीत आहे तेच राहू द्या. म्हणजे आता चाळिशीला आलेली माणसं पडद्यावर तेरा-चौदा वर्षांची. पुष्कळ वाचनालयांत असंच चालतं हे मला माहीत आहे, शिकताना आमचे सरच हसत सांगायचे. तरी पहिल्याच महिन्यात खोटं लिहायचं जिवावर आलं.

लिहिलं. एक ते अकरा ही जुनी नावं, बारावी वृषाली. सातवं नाव राजनंदिनी, आडनाव आबासाहेबांचंच. मुलगी असणार, सासरी नांदत असेल. नाव टाईप करताना ते माझ्या खुर्चीमागे उभे होते आणि त्यांनी एकदा शुद्धलेखन तपासलं.

३० एप्रिल, गुरुवार

नुसत्या नावांनी भागणार नाही, देवघेव दिसली पाहिजे. म्हणून आज बसून अकराही जणांच्या नावे पुस्तकं 'दिली'. खरं सांगायचं तर मजा आली. छगनला पोलिसी कथा दिल्या, कारण नावावरून तो दांडगट वाटला. गोरक्षनाथला ग्रहताऱ्यांचं पुस्तक. राजनंदिनीला प्रवासवर्णन. अकरा पोरं मनातल्या मनात उभी केली आणि प्रत्येकाला शोभेल असं काहीतरी काढून दिलं. पुस्तकं अर्थात कपाटातच होती, मी हातसुद्धा लावला नाही.

खोटं बोलायचं तर निदान आवडीने बोलावं!

४ मे, सोमवार

कपाटात ती पुस्तकं नाहीत.

वृषालीला ग्रहताऱ्यांचं पुस्तक हवं होतं. जागेवर फट. मग मी पोलिसी कथा पाहिल्या, प्रवासवर्णन पाहिलं. अकराच्या अकरा गायब, बाकी एकही इकडचं तिकडे नाही. सहादेवमामांना विचारलं, जरा चढ्या आवाजातच. ते दुखावले. म्हणाले की तीस वर्सं हितं हाय, एक कागद घरी न्हेला न्हाई. मी माफी मागितली. पण मग नेली कोणी? त्या नोंदी फक्त मला आणि आबासाहेबांना माहीत आहेत.

७ मे, गुरुवार

पुस्तकं आली.

दुपारी लाईट गेली होती म्हणून मी बाहेर म्हाताऱ्यांच्या टेबलापाशी वारा घेत बसले होते. आत कोणी गेलं नाही, मागच्या दाराला आतून कडी होती आणि पुढून जायचं तर माझ्या समोरूनच जावं लागतं. साडेतीनला लाईट आली, आत गेले तर कॉम्प्युटरच्या टेबलावर अकरा पुस्तकांची चवड. वरच्या पुस्तकाला हात लावला तर ओलं. पानं फुगलेली, कडांना बारीक गाळ, आणि पाटाच्या पाण्याचा वास. मेमध्ये! इथे प्यायच्या पाण्याला टँकर येतोय, पाट गेले दोन महिने कोरडाठाक आहे.

पडदा सुरू केला. अकराही पुस्तकांपुढे 'जमा', वेळ तीन वाजून दहा मिनिटं. तेव्हा लाईट नव्हती.

पुस्तकं गच्चीवर वाळत घातली. सहादेवमामांनी ती पाहिली आणि लगेच जिना उतरून गेले.

९ मे, शनिवार

कोणीतरी माझी चेष्टा करतंय असं दोन दिवस स्वतःला समजावलं. आज पडद्यावर नव्या नोंदी आहेत. मी केलेल्या नाहीत. छगनने पोलिसी कथा सोडून कवितांचं पुस्तक नेलंय. म्हणजे माझा त्याच्याबद्दलचा अंदाज चुकला. हे वाचून क्षणभर मला हसू आलं, आणि मग हसू आलं याचीच भीती वाटली.

वृषाली आज हिरमुसली होती. तिला हवं होतं ते पुस्तक चष्मेवाल्या मुलीने आधी नेलं म्हणे. कुठली मुलगी, मी विचारलं. ती म्हणाली की तीच हो ताई, राजनंदिनी, दुपारी असतात ना सगळे आतल्या खोलीत. तुम्ही जेवायला जाता तेव्हा. मला पण मंडळात घेतलंय.

मी तिला उगाच रागावले. पोरगी रडकुंडीला आली.

१२ मे, मंगळवार

आज जेवायला गेले नाही. गेले असं दाखवलं आणि मागच्या दाराने परत आले. दोन वाजले होते. गाव उन्हाने चिडीचूप, पत्रा तडतडत होता.

आतल्या खोलीच्या दाराबाहेर चपला होत्या. रांगेत. टायरच्या, रबरी, एका पोराचे कॅनव्हासचे बूट, एका मुलीच्या नाजूक पट्ट्याच्या. अकरा जोड. सगळ्या ओल्या, आणि प्रत्येक जोडाखाली फरशीवर पाण्याचं थारोळं. कडेला बारावा जोड कोरडा. तो वृषालीचा होता, डाव्या चपलेला तारेचा टाका आहे, मी ओळखते.

दार लोटलेलं. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता. पुष्कळ पानं. कोणी बोलत नव्हतं, फक्त वाचत होते.

मी दार ढकललं. आत एकटी वृषाली, मांडी घालून खाली बसलेली, मांडीवर पुस्तक. तिच्याभोवती गोल करून अकरा ओले डाग. वळून पाहिलं तर बाहेर एकच जोड उरला होता. वृषाली म्हणाली की ताई, तुम्ही आलात आणि ते उठून गेले, त्यांना वाटलं तुम्ही ओरडाल.

१३ मे, बुधवार

सहादेवमामांना गच्चीवर नेलं आणि म्हटलं की सांगितल्याशिवाय खाली सोडणार नाही. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि सांगितलं.

चोवीस वर्षांपूर्वी सुट्टीत वाचनालय पाटापलीकडच्या वस्त्यांना पुस्तकांची पेटी पाठवायचं. पेटी घेऊन कुमार मंडळ जायचं, टेम्पोत बसून. मंडळ बाराजणांचं होतं. बारावी सहादेवमामांची मुलगी. त्या दिवशी तिला बघायला पाव्हनं आल्तं, म्हणून तिला पाठवली नाही आणि तसा निरोपही धाडला नाही. पोरं टेम्पोत बसून राहिली. आबासाहेबांनी निघा म्हटलं तर त्यांच्याच लेकीनं, राजनंदिनीनं ऐकलं नाही, बारा जन झाल्याबिगर टेम्पो हलायचा न्हाई म्हनाली. एक तास थांबले. दोनला निघते तर पाट कोरडा होता. त्या तासाभरात उन्हाळी आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी सुटलं, पाट तुडुंब भरला, भरावाची माती भिजली, आणि तीन वाजून गेल्यावर चाक घसरून टेम्पो पाटात गेला. ड्रायव्हरसकट कोणी वाचलं नाही. तारीख पंचवीस मे.

मामांची मुलगी आता श्रीरामपूरला आहे, तिला नातवंडं झाली. आबासाहेब त्या दिवसापासून मामांना एक शब्द लावून बोलले नाहीत. मामा म्हणाले की बोलले अस्ते, मारलं अस्तं, तर बरं हुतं.

आतली खोली तेव्हा कुमार विभागाची होती. मी ती नावं पुन्हा लिहिली. मी त्यांना पुस्तकं दिली. आणि बारावं नाव म्हणून जिवंत पोर जोडली.

१४ मे, गुरुवार

आबासाहेबांना सरळ विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले की हेडमास्तर होतो, वर्गाच्या हजेरीतून आणि मंडळाच्या वहीतून ती नावं मीच लाल शाईने कमी केली, एकाच दिवशी. चोवीस वर्षं वाटत होतं की निदान एकदा ती नावं पुन्हा लागावीत. बस्स, एवढंच होतं. पुढचं मला काय ठाऊक!

आता ते रोज संध्याकाळी येतात, चपला काढून आत बसतात आणि सातव्या नावापुढे काय लिहून आलंय ते वाचतात. मी नावं काढते म्हटलं तर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. वडिलांच्या वयाचा माणूस. मला रडू आलं, आणि रागही आला, कारण वृषालीचं त्यांना काही नव्हतं.

१६ मे, शनिवार

अकरा नावं काढली. एकेक करून, पडद्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत. कॉम्प्युटर बंद केला, वायर काढून गोजरबाईंच्या घरी आणली.

दुपारी वायर नसलेला पडदा सुरू होता. बारा नावं. खाली नवी ओळ —

पुस्तक पेटी. दिले : कुमार वाचक मंडळ, सभासद १ ते १२. २५ मे, दुपारी ३.

आबासाहेब शपथेवर सांगतात की त्यांनी लिहिलं नाही. सहादेवमामांनी कुठला टेम्पो ठरवलाय का गावभर चौकशी केली. कोणीच नाही.

१९ मे, मंगळवार

आज मी फक्त वृषालीचं नाव काढलं. डोळ्यांदेखत परत आलं. दुसऱ्याचं नाव टाकलं, कुठलंही, सुचेल ते. तासाभरात पुन्हा वृषाली.

तिला जाऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली की ताई, मैत्रिणीला शब्द दिलाय, आणि एक जण नसला की त्यांना थांबावं लागतं. किती वेळ थांबतील बिचारे. तिच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं. विहिरीवर गेली होती म्हणाली. गावातल्या विहिरींना पाणी नाही.

२१ मे, गुरुवार

रंगनाथच्या दुकानात गेले. खरं काय ते सांगायची सोय नव्हती, म्हणून म्हटलं की मुलगी हुशार आहे, आठ दिवस आमच्या गावी पाठवा, माझे वडील शिक्षक आहेत, गणिताचा पाया पक्का करून घेतील. बिचाऱ्यांना खरं वाटलं. म्हणाले की माझी लेक शिकतीय तर मी न्हाई कशाला म्हनू. वंगणाच्या हातांनी तिचे कपडे पिशवीत भरले. मी स्वतः तिला राहुरीहून गाडीत बसवलं. नगरला अण्णा उतरवून घेतील. आज चार घास पोटात गेले.

२२ मे, शुक्रवार

अण्णांचा पोस्टात फोन. वृषाली गाडीतून उतरलीच नाही. कंडक्टर म्हणाला की तिच्या सीटवर कोणी नव्हतं, सीट ओली होती म्हणून तिथे कोणी बसलंही नाही.

दुपारी ती आतल्या खोलीत होती. कशी आलीस? आठवत नाही म्हणाली. पुस्तक आवडलं म्हणाली. अंग गार.

रंगनाथला सगळं सांगितलं. या वेळी खरं. ते हसले नाहीत. त्या अपघाताचं सगळं त्यांनी आईकडून ऐकलेलं होतं, फक्त या घराशी त्याचा संबंध लागेल असं वाटलं नव्हतं. ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मी जन्मभर विसरणार नाही. आणि त्यांची नजर खोटी नव्हती. ती नावं मीच लिहिली होती.

२३ मे, शनिवार

पाटबंधारेवाल्यांची दवंडी. उन्हाळी आवर्तन सोमवारी सुटणार. काठावर जनावरं, पोरं जाऊ देऊ नका.

सोमवार म्हणजे पंचवीस.

वृषाली तापाने फणफणलीय. तरी दर दुपारी उठून बसते आणि चपला शोधते. रंगनाथने चपला चुलीत घातल्या. ती अनवाणी निघाली. दोघींनी धरून ठेवली, मी आणि तिच्या आईने. अंगात एवढं बळ कुठून —

२४ मे, रविवार

आबासाहेब स्वतः आले. कधी नव्हे ते सहादेवमामाही मागे. मामा आज उंबरा ओलांडून आत आले. दोघे म्हातारे शेजारी उभे.

आबासाहेब खुर्चीत बसले आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, बाराव्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. म्हणाले की मला नेऊ दे, मी तयार आहे, चोवीस वर्षं तयार आहे. नाव पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा गेलं. सात वेळा. अक्षर उमटायच्या आतच गेलं शेवटी. मग ते टेबलावर डोकं ठेवून रडले. नंदिनी मला नको म्हणते, म्हणाले. मला घेत नाही ती.

मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मामांनी स्वतःचंही लिहायला सांगितलं. मी लिहिलं. ते पण राहिलं नाही.

त्यांना म्हातारी माणसं नको आहेत. अनोळखी नावंही नको. त्यांना कोण हवंय?

दोघे गेल्यावर मी बसून राहिले. त्यांच्या नोंदी वाचल्या. पंचवीस दिवसांच्या. त्यांनी काय काय वाचलं, कोणी कोणाला पुस्तक दिलं, छगनने कवितांचं पुस्तक तीनदा नेलं. कोणी कधीच त्यांना विचारलं नव्हतं की तुला काय आवडेल. मी विचारलं होतं. खोटंखोटं का होईना, प्रत्येकाला वेगळं काढून दिलं होतं.

बाराव्या ओळीत माझं नाव लिहिलं. यशोधरा.

एक तास झाला. दोन तास. राहिलं आहे.

२५ मे, सोमवार

सकाळी दहा.

वृषालीचा ताप उतरला. घामाने भिजलेली, पण साधा घाम. खिचडी मागितली. चपला शोधल्या नाहीत. माझ्याकडे बघून ताई म्हणाली. म्हणजे मला ओळखलं. पण मंडळाचं तिला काही आठवत नाही. राजनंदिनी कोण म्हणाली.

रंगनाथने माझे पाय धरले. मी मागे सरले. तिला आज काहीही झालं तरी घराबाहेर काढू नका, एवढंच सांगितलं. पोरीला वाचू द्या हेही सांगितलं. उभ्या उभ्या नाही. बसून.

बारा वाजता.

पळून जाता येईल का? राहुरीची जीप समोर उभी आहे. पण मी गेले तर ते थांबतील. थांबले की पुन्हा ओळ रिकामी. पुन्हा वृषाली. म्हणून नाही.

अण्णांना पत्र टाकलं. काही खरं लिहिलं नाही. काम आवडतं, एवढं लिहिलं. तेवढं खरं आहे.

दोन दहा.

मला भीती वाटते. फार.  आईला एकदा फोन करायला हवा होता. पोस्ट बंद.

दोन चाळीस.

पाटाला पाणी सुटलं. इथवर आवाज येतोय. बाहेर टेबलापाशी कोणी नाही, सगळे बघायला गेलेत.

माझ्या चपला मी काढल्या नव्हत्या. दाराबाहेर आहेत. ओल्या.

तीनला पाच कमी.

टेम्पो. हॉर्न नाही, नुसता उभा आहे, दारातच. मागचं फळकं उघडं. पेटी आत आहे. सगळे बसलेत. लहान आहेत हो — किती लहान आहेत. कुणी मला ओढत नाही. चष्मेवालीने सरकून जागा केली, परकर आवरून. छगन हाच असणार, तो कवितेचं पुस्तक दाखवतोय मला, त्याला काहीतरी विचारायचंय, मी म्हटलं आलेच, फक्त एवढी ओळ पुरी करून —

दुसऱ्या बाजूला एक जागा अजून रिकामी. तेरावी. तिथे कोणाला — मी मोजते पुन्हा — अकरा, मी बारा, मग हे कोणासाठी जागा धर —

वृषालीच्या आईचा आवाज. रस्त्यावरून. वृषाली म्हणून हाका मार